कार्यक्रम संपल्यावर कपाटात काय उरलं?

गावातल्या ग्रंथालयाने पुस्तकं सांभाळावीत की कार्यक्रम करावेत, हा वाद गोव्यात अधूनमधून डोकं वर काढतो आणि दर वेळी त्याच दोन टोकांशी येऊन अडतो. एक बाजू म्हणते, ग्रंथालयांची सभागृहं झाली आहेत. काव्यवाचन, हस्तकला शिबिर, सत्कार, दीपप्रज्वलन, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर फोटो, आणि कपाटाचं दार मात्र महिनोन्महिने बंद. दुसरी बाजू विचारते, नुसतं वाचायला येतंच कोण? कार्यक्रम नसते तर कुलूप लागलं असतं. दोघांचंही एक गृहीत समान आहे: पुस्तक आणि उपक्रम एकमेकांच्या तोंडचा घास काढून घेतात. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं. स्थानिक ग्रंथालयाचे उपक्रम ही त्याची सजावट नव्हे, ते त्याचं मूळ काम आहे. मात्र जो उपक्रम संपल्यावर ग्रंथालयात काहीच उरत नाही, ना नवा वाचक, ना गावाविषयीचा एखादा कागद, ना कपाटात एखादं नवं पुस्तक, तो ग्रंथालयाचा उपक्रम नव्हे. तो देवळाच्या मंडपात किंवा पंचायतघराच्या गच्चीवर झाला असता तरी चाललं असतं.

भारतातलं सर्वांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय आपल्याकडे आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. १५ सप्टेंबर १८३२ रोजी पणजीत सुरू झालेली 'पब्लिका लिव्रारिया' म्हणजे आज पाटो इथे उभं असलेलं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. ख्रिस्ती धर्मसंघ बरखास्त झाल्यावर त्यांच्या मठांतली पुस्तकं या संग्रहात आली. आज त्यांचं मोल अपार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती पोर्तुगीज आणि लॅटिन पुस्तकं त्या काळी पेडण्यातला किंवा काणकोणातला कोणता माणूस वाचणार होता? 'सार्वजनिक' ही पाटी होती आणि जनता दाराबाहेर होती. केवळ संग्रह वाढवत नेला की ग्रंथालय आपोआप लोकांचं होतं, असं मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर आठवावा. त्याहीआधीचं उदाहरण छापखान्याचं. आशियातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात आला. पुढे सतराव्या शतकात छपाई थंडावली ती १८२१ साली 'गॅझेटा द गोवा' हे सरकारी वर्तमानपत्र निघेपर्यंत. जे साधन लोकांच्या रोजच्या गरजेशी जोडलं जात नाही, ते राजाने आणलं तरी मुळं धरत नाही.

उलट १९१० नंतरचा काळ पाहा. पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंवरची धार्मिक बंधनं सैल झाली, आणि काही वर्षांतच गोव्यात मराठी शाळा, वाचनालयं, नाट्यमंडळं उभी राहिली. मडगावच्या गोमंत विद्या निकेतनासारख्या संस्थांचं मूळ याच जागृतीत आहे. त्या पिढीने वाचनालय एकीकडे आणि व्याख्यान दुसरीकडे अशी वाटणी केली नाही. पुस्तक, भाषण, नाटक, वादविवाद हा त्यांच्या लेखी एकच संसार होता. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सभेला परवानगी लागू लागली. छापायचा मजकूर, अगदी निमंत्रणपत्रिकासुद्धा, सेन्सॉरच्या नजरेखालून जाऊ लागला. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, तेव्हा मोडला तो हाच नियम. चारजणांनी एकत्र बसून एखाद्या विषयावर बोलणं हा हक्क ज्या भूमीला इतक्या उशिरा आणि इतक्या कष्टाने मिळाला, तिथे ग्रंथालयातल्या चर्चेला 'गोंगाट' म्हणावं हे मला बोचतं.

तरीही शांततेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार गोव्याचाच आहे. १८७६ साली साखवाळला जन्मलेले धर्मानंद कोसंबी. शिक्षण तुटपुंजं, घरच्या नारळीच्या बागांचं काम अंगावर, आणि अशा अवस्थेत 'बालबोध' या मराठी मासिकात त्यांच्या वाचनात बुद्धाचं चरित्र आलं. त्या वाचनाने त्यांना घराबाहेर काढलं, पुण्यापासून सिलोनपर्यंत नेलं आणि पाली भाषेचा जगन्मान्य पंडित बनवलं. त्यासाठी कुणी व्याख्यानमाला भरवली नव्हती. एक तरुण, एक मासिक, एवढंच पुरलं. मोठं वाचन एकांतात घडतं, हे यातून दिसतं आणि ते मी मान्य करतो. पण मुंबईत छापलेलं मासिक साखवाळपर्यंत पोचलं कसं? कुणीतरी ते मागवलं, वाचलं, जपलं आणि दुसऱ्याच्या हाती दिलं. पुस्तकावर बोलणाऱ्या, पुस्तकं एकमेकांना देणाऱ्या माणसांची एक साखळी त्या एकांताच्या मागे असते. ती साखळी त्या काळी घराघरांतून, नात्यागोत्यांतून, देवळाच्या सभामंडपातून आपोआप चालत होती. आज ती तुटली आहे आणि ती पुन्हा सांधण्याची जागा गावात ग्रंथालयाशिवाय दुसरी कुठली आहे? उपक्रम हवेत ते यासाठी. एकांतावर अतिक्रमण करायला नव्हे, एकांतात वाचण्याजोगं काहीतरी माणसाच्या हाती पोचवायला.

दुसरा आक्षेप अभ्यासिकेचा. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं सकाळी ग्रंथालयात येतात ती संध्याकाळी उठतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी टेबल ठेवायला जागा नाही, टीव्ही बंद करा म्हणण्याची सोय नाही. अशा मुलीच्या शेजारी ढोलकी वाजू लागली तर तिच्यावर अन्यायच होतो. मी तर म्हणेन, गावातल्या ग्रंथालयाची सर्वांत निकडीची सेवा सध्या हीच आहे आणि तिला धक्का लावणारा कोणताही उपक्रम नको. पण यातून निघतो तो वेळेचा आणि खोलीचा प्रश्न. शनिवारची संध्याकाळ, रविवारची सकाळ, अंगणातला एक तास, शाळेचा वर्ग, वाचनालयाला लागून असलेलं सभागृह यांतून मार्ग निघतो. आणि याच मुलांविषयी एक गोष्ट आपण बोलत नाही. ती स्वतःची पुस्तकं घेऊन येतात आणि स्वतःचीच घेऊन जातात. चार-चार वर्षं ग्रंथालयात बसलेल्या मुलाने कपाटातलं एकही पुस्तक घरी नेलेलं नसतं. शांतता पूर्ण पाळली, तरीही ग्रंथालय त्याच्यापर्यंत पोचलं नाही. मग त्याला पुस्तकाकडे नेणार कोण? नुसतं बाक देऊन ते होत नाही.

पैशाचा मुद्दा मात्र मी पूर्णपणे विरोधकांच्या पदरात टाकतो. पुष्पगुच्छ, बॅनर, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा चहा-नाश्ता यांवर होणारा खर्च आणि पुस्तक खरेदीची रक्कम यांची सरमिसळ होता कामा नये. ग्रंथपालाचा मुद्दाही तितकाच खरा. गावच्या ग्रंथालयात बहुधा एकच माणूस असतो. तोच देवघेव करतो, तोच नोंदवही भरतो, तोच झाडू मारतो, आणि त्यालाच उद्या दिनविशेषाचा कार्यक्रम लावायला सांगितलं जातं. सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, बारा ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची जयंती, पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, नोव्हेंबरात ग्रंथालय सप्ताह. तारखा चांगल्या आहेत, पण तारीख पाळणं म्हणजे काम करणं नव्हे. दिनदर्शिकेवरून ठरलेला कार्यक्रम गावातून उगवलेला नसतो, म्हणून तो उरतही नाही. कार्यक्रमांविरुद्धचा राग बहुतेक याच प्रकारावर आहे, आणि तो रास्त आहे. माझी हरकत एवढीच की या रागाच्या भरात चांगल्या उपक्रमांनाही त्याच टोपलीत टाकलं जातं.

ज्या एस. आर. रंगनाथनांची जयंती आपण साजरी करतो, त्यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलंच सांगतं की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, आणि तिसरं सांगतं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. पुस्तकाला वाचक मिळवून देणं हे ग्रंथालयाने करायचं काम आहे, पुस्तकाने नव्हे. त्याच्याही आधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी हे ओळखलं होतं. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणलं. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जात. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी चित्रं आणि चलच्चित्रं दाखवणारा स्वतंत्र विभागच त्या ग्रंथालय खात्यात होता. आज ग्रंथालयात चित्रपट दाखवला तर नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की शंभर वर्षांपूर्वीचा एक मराठी राजा त्यांच्याहून पुढे होता. केरळात १९४५ पासून पी. एन. पणिक्करांनी उभ्या केलेल्या ग्रंथशाळा चळवळीने हेच केलं. संध्याकाळी वर्तमानपत्रांभोवती बसणारी गावं, वाचनालयाच्या आवारातली नाटकं, प्रौढांचे वर्ग. १९९१ साली केरळ संपूर्ण साक्षर जाहीर झालं, त्यामागे जी जमीन होती ती या ग्रंथालयांनी नांगरलेली होती.

आणि आपल्या परंपरेत तरी वाचन मुकं कुठे होतं? श्रावणात घरोघरी पोथी वाचली जाते ती ऐकणाऱ्यांसाठी. देवळात पुराण सांगितलं जाई ते अक्षरशत्रूंनाही कळावं म्हणून. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली रायतूरला 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापलं. तो ग्रंथ रचला होता तोच गाऊन म्हणण्यासाठी, समुदायाने ऐकण्यासाठी. ज्या मातीत हिंदू आणि ख्रिस्ती दोघांनीही पुस्तक कानाने वाचलं, तिथे ग्रंथालयात मोठ्याने वाचणं परकं ठरवायचं? लहान मुलांच्या बाबतीत तर मोठ्याने वाचून दाखवण्याला पर्यायच नाही. गोव्यात २००५ पासून काम करणाऱ्या 'बुकवर्म' या संस्थेने मुलांसाठी ग्रंथालय उघडलं आणि पुस्तकं घेऊन ती शाळांत, वस्त्यांत गेली. आपल्या मराठी वाचनालयांना त्यातून शिकण्यासारखं आहे. गोष्ट ऐकून झाल्यावर तेच पुस्तक मुलाच्या हातात पडलं पाहिजे आणि त्याने ते घरी नेलं पाहिजे. गोष्ट सांगून, खाऊ वाटून मुलांना रांगेत घरी पाठवलं तर त्या तासाचा अर्धा उपयोग वाया गेला.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. गावच्या ग्रंथालयात गाव असलं पाहिजे. आपल्या कपाटांत पुण्या-मुंबईच्या कादंबऱ्या असतात, चरित्रं असतात, असायलाच हवीत. पण त्याच गावच्या उत्सवी नाटकांच्या संहिता असतात का? पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गावांत देवाच्या उत्सवाला नाटक होतं. गावकरीच लिहितात, गावकरीच करतात, आणि प्रयोग संपल्यावर ती वही कुणाच्या तरी माळ्यावर वाळवी खाते. जागराची गाणी, बायकांच्या धालो या लोकनृत्याची गाणी, शिगम्यातले नमन, गावकरीचे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे, दाखले, बंद पडलेल्या शाळेची हजेरी, जत्रेची पत्रकं, तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराच्या जाहिराती, वर्तमानपत्रातली गावाविषयीची कात्रणं. हे सगळं जमवायचं तर माणसांना बोलवावं लागतं, बसवावं लागतं, बोलतं करावं लागतं. म्हणजेच उपक्रम करावा लागतो. वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना ग्रंथालयात बोलावून धालो गाऊन घ्यायचे, ते ध्वनिमुद्रित करायचे, कुणीतरी ते लिहून काढायचे आणि ती वही नोंदणी क्रमांक घालून कपाटात ठेवायची. हा कार्यक्रमही आहे आणि ग्रंथखरेदीहून मोलाची ग्रंथनिर्मितीही.

हे न केल्याने काय होतं, याचं उदाहरण आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या नावातच आहे. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली 'श्रीकृष्णचरित्रकथा' ओवीबद्ध करायला घेतली. सोळाव्या शतकात गोव्यात देवळं पडली, ग्रंथ नष्ट झाले. शामाचा ग्रंथ राहिला तो इथे नव्हे, पोर्तुगालातल्या ब्रागाच्या सार्वजनिक ग्रंथालयात, इतर मराठी-कोंकणी हस्तलिखितांबरोबर. त्या काळी आपल्यावर जबरदस्ती होती, म्हणून आपल्या हातून गेलं. आज कोणाची जबरदस्ती आहे? आज जे जातंय ते आपण बोलावत नाही म्हणून जातंय.

एक फार साधा उपक्रम मला गावोगावच्या ग्रंथालयांत व्हायला हवा असं वाटतं. गोव्यात कितीतरी घरांत जमिनीचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये आहेत. पोर्तुगीज शाळेत शिकलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ सालचा, पण घराखालच्या जमिनीवरचा हक्क सिद्ध करताना आजही माणूस कागदापाशीच अडतो. महिन्यातून एका संध्याकाळी अशा एखाद्या जाणत्या आजोबांना ग्रंथालयात बसवावं, लोकांनी आपापले कागद आणावेत, त्यांत काय लिहिलंय ते समजून घ्यावं, ज्यांची हरकत नसेल त्यांच्या कागदाची प्रत आणि मराठी सारांश ग्रंथालयाने ठेवावा. आपल्या दाराची पायरी कधीही न चढलेली माणसं त्या दिवशी येतील. त्यांच्याबरोबर त्यांची नातवंडं येतील. वाचनसंस्कृतीवरच्या दहा भाषणांनी जे होणार नाही ते एका अशा संध्याकाळने होईल, कारण कागद वाचता येणं म्हणजे घर राखता येणं, हे तिथे डोळ्यांदेखत कळेल.

हाच धागा बातम्यांकडे जातो. २०१२ साली राज्यातल्या खाणी थांबल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. सांगे, डिचोली, सत्तरीतल्या घराघरांचं गणित बदललं. त्या निकालाचं सोपं मराठी टिपण त्या भागातल्या ग्रंथालयांच्या टेबलावर पडायला हवं होतं. २०११ पर्यंतचा जमीनवापर ठरवणारा 'प्रादेशिक आराखडा २०११' लोकांच्या विरोधामुळे २००७ साली मागे घ्यावा लागला, कारण लोकांनी नकाशे वाचले. ग्रामसभेत बोलायचं असेल तर आधी कागद वाचलेला असावा लागतो, आणि तो वाचायची जागा पंचायतीच्या बंद कपाटाऐवजी ग्रंथालय का असू नये? यावर लगेच आक्षेप येतो की ग्रंथालयात राजकारण शिरेल. भीती अस्थानी नाही. व्यासपीठ उभं राहिलं की त्यावर आमदार चढतो, हे आपण पाहतोच. म्हणून मी व्यासपीठ मागत नाही, टेबल मागतो. आराखडा ठेवा, कायदा ठेवा, दोन्ही बाजूंची पत्रकं ठेवा, आणि गोलाकार बसून ती वाचा. ज्या ग्रंथालयात राजकारणावरचं पुस्तक चालतं पण राजकारणावरचं बोलणं चालत नाही, ते आपल्याच पुस्तकांना घाबरतं.

भाषेचा प्रश्न टाळून गोव्यात ग्रंथालयांवर लिहिणं प्रामाणिक होणार नाही. कोंकणीला राजभाषा ठरवणाऱ्या १९८७ च्या कायद्यानंतर इतकी वर्षं झाली तरी कार्यक्रम मराठीचा की कोंकणीचा यावरून माणसं येतात किंवा येत नाहीत. मी मराठीत लिहितो, मराठीवर माझं प्रेम आहे, आणि म्हणूनच म्हणतो की मराठी वाचनालयांनी कोंकणीसाठी दार उघडं ठेवण्यात मराठीचं काहीही कमी होत नाही. कपाटात या भाषा, देवनागरी आणि रोमी दोन्ही लिप्यांसकट, शेजारी शेजारी राहतात. धालो गाणाऱ्या बाईला आपण कोंकणी गातो की मराठी, हा प्रश्न पडत नाही. एकाच गाण्यात तिला दोन्ही चालतात. तिचं गाणं लिहून घेताना आपण तो प्रश्न उपस्थित केला, तर वही अर्धीच राहील.

म्हणून अनुदान देणाऱ्या खात्याने आणि वाचनालयांच्या व्यवस्थापन समित्यांनी काही गोष्टी ठरवाव्यात. पुस्तक खरेदीची रक्कम उपक्रमांसाठी वळवता येणार नाही, असा स्पष्ट नियम असावा. उपक्रमांसाठी वेगळी, छोटी तरतूद असावी आणि तिच्यातून सत्काराचा खर्च चालणार नाही. जिथे एकच ग्रंथपाल आहे तिथे अर्धवेळ का होईना, एक मदतनीस द्यावा. नाहीतर उपक्रमांची अपेक्षा सोडून द्यावी. आणि वार्षिक अहवालात 'घेतलेले कार्यक्रम' आणि 'उपस्थिती' या रकान्यांच्या पुढे तिसरा रकाना घालावा: या उपक्रमामुळे संग्रहात काय आलं, आणि किती जणांनी नंतर पुस्तक घरी नेलं. पहिल्या वर्षी तो बहुतेक ठिकाणी रिकामा जाईल. जाऊ द्या. रिकामा रकाना दोन-तीन वर्षं सभासदांसमोर वाचला गेला की समितीतलं कुणीतरी विचारेलच, गावात अजून धालो म्हणणाऱ्या किती बायका उरल्या आहेत, आणि त्यांच्याकडे जायचं कधी.